पेट्रोलवरचा जुना उपसा पंप चालू होत नाही? कार्बोरेटर उघडण्याआधी आणि उघडल्यावर काय बघायचं

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. तुमच्या पंपाचं नेमकं काय होतंय ते आधी ठरवा.

- दोरी ओढून खांदा भरून आला, तरी इंजिन एकदाही पेट घेत नाही.
- चोक (हवा कमी करणारी झडप) लावलेला असेपर्यंत चालतं, चोक उघडला की बंद.
- चालतं, पण आवाज सारखा वर-खाली होतो. मिस्त्री लोक याला हंटिंग म्हणतात.
- दहा-पंधरा मिनिटं छान चालून गचके खात बंद पडतं, आणि थोडं थांबलं की पुन्हा चालू होतं.
- रिकामं चालतं, पण पाणी उचलायला लागलं की दबतं.
- कार्बोरेटरखाली पेट्रोल ठिबकतं, किंवा काळा धूर येतो.

यातलं एक जरी जुळत असलं तरी पुढचं वाचा. इंजिन जोरात चालतंय आणि पाणीच येत नाहीये, तर मात्र कार्बोरेटरला हात लावू नका. तो दोष पंपाच्या बाजूचा आहे. पंपाच्या पोटात पाणी भरायचं राहिलंय, सक्शनचा (पाणी ओढणारा) पाइप कुठेतरी हवा ओढतोय, किंवा जाळीला प्लास्टिकची पिशवी चिकटलीय.

आमची इमारत मुंबईत, दादर-परळच्या हिंदमाताजवळ आहे. या भागाचं पावसाळ्यात काय होतं ते मुंबईकराला सांगायला नको. महापालिकेने प्रमोद महाजन उद्यानात आणि सेंट झेवियर्स मैदानात जमिनीखाली साठवण टाक्या बांधल्यापासून रस्त्यावरचं पाणी पूर्वीइतका वेळ तुंबून राहत नाही, पण भरती आणि मोठा पाऊस एकत्र आले की आमच्या तळमजल्यात आणि लिफ्टच्या खड्ड्यात पाणी येतंच. पाणी वाढलं की वीज बंद करावी लागते, म्हणजे विजेची मोटर कामाची नाही. म्हणून सोसायटीने दोन इंची, पेट्रोलवरचा एक जुना पंप घेतला. त्याचं बघता बघता मी आजूबाजूच्या इमारतींचे पंपही दुरुस्त करायला लागलो. अकरा पावसाळे झाले. पंप वेगवेगळे, मालक वेगवेगळे, दोष मात्र जवळजवळ दरवेळी तोच असतो: गेल्या वर्षीचं पेट्रोल आतच राहिलेलं असतं.

हे यंत्र वर्षातले चार महिने लागतं आणि आठ महिने जिन्याखाली पडून असतं. कार्बोरेटरच्या तळाला एक वाटी असते, तिच्यात थोडंसं पेट्रोल कायम राहतं. ही वाटी हवेला उघडी असते. पेट्रोलमधला हलका, चटकन पेटणारा भाग आधी उडून जातो आणि मागे चिकट, पिवळट थर उरतो. त्यात आपलं पेट्रोल आता इथेनॉल मिसळलेलं असतं. २०२२ मध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांवर होतं, २०२५ पर्यंत वीस टक्क्यांवर गेलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि मुंबईच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. त्या पाण्याने वाटीच्या आत पांढरी भुकटी धरते. पेट्रोल मोजून सोडणारा पितळेचा छोटा तुकडा म्हणजे जेट. त्याचं भोक एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. ते बुजायला एवढं पुष्कळ झालं.

सुरुवात करण्यापूर्वी

काम उघड्यावर करा. जिन्याखाली, मीटर रूमजवळ किंवा देवघरातला दिवा दिसेल अशा ठिकाणी करू नका. पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरकत जाते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. इंजिन गरम असेल तर अर्धा तास थांबा. कार्बोरेटरला हात लावण्याआधी प्लगची (ठिणगी पाडणाऱ्या भागाची) कॅप काढून बाजूला ठेवा.

पाच मिनिटांच्या, बिनपैशाच्या गोष्टी

स्विच चालूवर आहे का, पेट्रोलचा कॉक (टाकीखालची तोटी) उघडा आहे का, थंड इंजिनाला चोक लावलाय का, हे बघा. सांगायला लाज वाटावी इतकं सोपं आहे, पण गुडघाभर पाण्यात, रात्री, टॉर्च तोंडात धरून उभा असलेला माणूस कॉक विसरतो. मी विसरलेला आहे.

मग ऑइल. पंप सपाट जागेवर ठेवा आणि ऑइलची पातळी बघा. यातल्या बऱ्याच इंजिनांत ऑइल कमी झालं की ठिणगी बंद करणारा सेन्सर असतो. पंप पायरीवर तिरका ठेवला तरी तो फसतो आणि आपण उगाच कार्बोरेटर खोलत बसतो. ऑइल बघताना त्याचा वासही घ्या. पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी नेहमीपेक्षा वर गेली असेल तर दोरी ओढू नका. त्याबद्दल खाली लिहिलंय.

तिसरी गोष्ट टाकीचं झाकण. त्यात हवा आत जायला एक बारीक वाट असते. ती चिखलाने किंवा गंजाने बुजली की पेट्रोल खाली उतरतं तशी टाकीत पोकळी तयार होते आणि थोड्या वेळाने पेट्रोल उतरायचंच थांबतं. दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडणाऱ्या पंपाचं कारण बऱ्याचदा हेच निघतं. पंप बंद पडल्या पडल्या झाकण सैल करा. फुस्स आवाज आला आणि इंजिन पुन्हा सुरळीत चाललं, तर दोष सापडला. शेजारच्या इमारतीत एका मिस्त्रीने याच तक्रारीवर नवा कार्बोरेटर बसवून दिला होता. सोसायटीने बिल भरलं, आणि पुढच्या पावसात पंप बाराव्या मिनिटाला पुन्हा बंद पडला. झाकण साबणाच्या पाण्यात भिजवून, जुन्या टूथब्रशने घासून काम झालं. पैसे गेले त्यापेक्षा मला जास्त लागलं ते वेगळंच. तळमजल्यावरच्या काकू दारात उभ्या राहून म्हणत होत्या, "अरे, काहीतरी कर रे, पाणी देव्हाऱ्याला लागलं," आणि नवा कार्बोरेटर असूनही आमच्या हातात काही नव्हतं.

पेट्रोल काचेच्या बाटलीत बघा

ही तपासणी कधीही वगळू नका. टाकीतलं थोडं पेट्रोल पारदर्शक, कोरड्या बाटलीत काढा आणि उजेडासमोर धरा. ताजं पेट्रोल स्वच्छ दिसतं आणि त्याचा वास नाकाला झोंबतो. शिळं पेट्रोल गडद होतं आणि त्याला वॉर्निशसारखा आंबूस वास येतो. एकदा ओळखलात की पुन्हा चुकणार नाही.

आता बाटलीचा तळ बघा. थोडंसं पाणी इथेनॉल पोटात घेतं, तेव्हा वरून काहीच दिसत नाही, फार तर पेट्रोल किंचित धुरकट वाटतं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून खाली बसतात आणि बाटलीत सरळ रेघ दिसते, वर पेट्रोल आणि खाली वेगळा थर. टाकीतही हा थर तळालाच बसतो, आणि कॉकही तळालाच असतो. म्हणजे इंजिनाला पहिला घोट त्या थराचाच मिळतो. टाकी भरलेली दिसते, पेट्रोलचा वासही येतो, तरी इंजिन पेट घेत नाही, त्याचं हे कारण आहे.

शंका आली तर सगळं पेट्रोल काढा आणि लिटरभर ताजं भरा. जुन्यात नवं मिसळून "चालून जाईल" म्हणू नका. काढलेलं पेट्रोल गटारात ओतू नका. पाऊस नसला तरी ते वाहत कुठे जाईल आणि कुठे पेटेल ते सांगता येत नाही. झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारा.

पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येतंय का?

कॉक बंद करा, कार्बोरेटरकडे जाणारी रबरी नळी काढा, तिचं टोक बाटलीत सोडा आणि कॉक उघडा. धार सलग पडली पाहिजे. थेंबथेंब येत असेल तर टाकीतली जाळी किंवा कॉकखालची छोटी कचऱ्याची वाटी बुजली आहे. ती खोलून धुवा. नळी दाबून बघा. जुनी नळी एक तर कडक होऊन चिरते, नाही तर फुगून पोची होते. दोन्ही बाबतींत ती बदला, खर्च किरकोळ आहे.

फिल्टर आणि प्लग

एअर फिल्टरचं झाकण काढून आत डोकावा. आठ महिने पडून असलेल्या यंत्रात झुरळं, उंदराने आणलेल्या चिंध्या, कुंभारमाशीचं मातीचं घर, असं सगळं मला मिळालंय. सायलेन्सरच्या तोंडातही बघा. स्पंज काळा, चिकट झाला असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, इंजिन ऑइलचे दोन-चार थेंब लावा आणि पिळून बसवा. फिल्टर बुजला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त होतं, त्यातून काळा धूर येतो आणि लोक कार्बोरेटरला दोष देतात.

प्लग मात्र नीट वेळ देऊन बघा, कारण पुढे कुठे जायचं ते तोच सांगतो. आठ-दहा वेळा दोरी ओढून झाल्यावर लगेच काढा. कोरडा निघाला तर पेट्रोल आत पोचतच नाहीये, म्हणजे जेटकडे जायचं. ओला, पेट्रोलचा वास येणारा निघाला तर पेट्रोल येतंय पण पेटत नाहीये, म्हणजे ठिणगी नाही, पेट्रोल खराब आहे किंवा कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय. नवा प्लग लावून बघायला फार पैसे लागत नाहीत, म्हणून एक कायम जवळ ठेवा. प्लगच्या टोकांमधली गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर. ठिणगी बघायची असेल तर प्लगच्या भोकावर चिंधी दाबा, प्लग भोकापासून लांब, इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा, आणि सांडलेलं पेट्रोल आधी पुसा.

आता वाटी उघडा

इथपर्यंत काही सापडलं नाही, प्लग कोरडा आहे, किंवा चोकशिवाय इंजिन चालत नाही, तर जेट बुजलाय असं धरून चाला. चोक लावला की हवा कमी होते आणि मिश्रणात पेट्रोलचा वाटा वाढतो. चोकवरच चालणाऱ्या इंजिनाला एरवी पेट्रोल कमी पडतंय एवढाच त्याचा अर्थ. हंटिंगचंही तेच आहे. पेट्रोल कमी पडून वेग उतरतो, गव्हर्नर (वेग सांभाळणारी यंत्रणा) थ्रॉटल (मिश्रण आत सोडणारी झडप) उघडतो, वेग चढतो, गव्हर्नर परत ओढून धरतो, पुन्हा पेट्रोल कमी पडतं. अशा वेळी गव्हर्नरच्या स्प्रिंगशी खेळू नका. तो त्याचं काम बरोबर करतोय.

बाजारातले बहुतेक दोन-तीन इंची पंप होंडाच्या जीएक्स इंजिनाच्या धर्तीवरच्या, १६३ किंवा १९६ सीसीच्या इंजिनावर चालतात. त्यांच्यात हे काम कार्बोरेटर इंजिनावरून न काढता होतं. कॉक बंद करा. खाली पसरट ताट ठेवा, कारण सुटलेला वायसर चाळीच्या जाळीतून खाली गेला की मिळत नाही. वाटीच्या तळाचा बोल्ट दहाच्या पान्याने सोडवा. समुद्राच्या हवेने तो धरून बसला असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून तासभर थांबा, जोर लावून डोकं गोल करू नका. वाटी सरळ खाली उतरवा आणि आतलं पेट्रोल सांडण्याआधी बघा. तळाला पांढरी भुकटी, हिरवट डाग किंवा गुळाच्या पाकासारखा थर दिसला की समजा, रोग सापडला.

वाटी निघाली की मधोमध एक खांब दिसतो, त्याच्या तोंडाशी पितळेचा मेन जेट असतो. खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर घ्या. ढिला घेतलात तर पितळेची खाच सोलली जाईल आणि मग कार्बोरेटरच बदलावा लागेल. जेट काढून उजेडाकडे धरा. स्वच्छ जेटमधून गोल, ठळक उजेडाचा ठिपका दिसतो. ठिपका अर्धा, वेडावाकडा किंवा अजिबात नसेल तर कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा मारा. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण हा स्प्रे भोकातून उलटा तोंडावर येतो.

तरीही सुटलं नाही तर विजेच्या लवचीक वायरमधली तांब्याची एकच तार घ्या आणि हलक्या हाताने आरपार करा. सुई, सेफ्टी पिन, दाभण वापरू नका. पोलाद पितळेला खरवडतं, भोक मोठं होतं आणि पंप कायमचा काळा धूर ओकायला लागतो. जेटच्या वर एक लांबट नळी असते, तिला बाजूने बारीक भोकं असतात. तीही खाली पाडून घ्या आणि प्रत्येक भोक बघा. मुख्य जेट साफ करून हंटिंग गेलं नाही, असं सांगणाऱ्यांची ही नळी राहून गेलेली असते.

इंजिन जोरात नीट, पण हळू केलं की बंद, असं असेल तर वरच्या बाजूचा बारीक पायलट जेट बुजलाय. तो बहुधा थ्रॉटलच्या स्क्रूमागे दाबून बसवलेला असतो. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या.

वाटीची रबरी रिंग स्प्रेपासून लांब ठेवा. ती फुगली आणि खाचेत बसेना, तर ओढून ताणून बसवू नका. रात्रभर उघड्यावर ठेवली की बरेचदा आकसते, नाही तर नवी घ्या.

पेट्रोल ठिबकत असेल तर

फ्लोट (वाटीतला तरंगणारा पोकळ तुकडा) आणि त्याची सुई बघायची. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि सुई पेट्रोलची वाट बंद करते. सुईच्या टोकाखाली कचऱ्याचा एक कण अडकला तरी वाट उघडी राहते. आधी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलकेच टकटक करा, कधी कधी तेवढ्यानेच सुई बसते. नाही तर फ्लोटची पिन काढून सुई उतरवा. टोकावर गोल घसवट दिसली तर बदला. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खुळखुळत असेल तर तो निकामी आहे.

ठिबकणारं पेट्रोल नेहमी बाहेरच पडतं असं नाही. ते सिलिंडरमधून ऑइलमध्येही उतरतं. ऑइलला पेट्रोलचा वास येतो तो यामुळे. तसं पातळ ऑइल बेअरिंगला वाचवत नाही, आणि आतली वाफ पेटू शकते. आधी सुई दुरुस्त करायची, मग ऑइल पूर्ण बदलायचं, मगच दोरी ओढायची.

नवा कार्बोरेटर कधी?

आतली भिंत पांढरी पडून खड्डे पडले असतील, खाचा सोलल्या असतील किंवा दोनदा साफ करूनही तोच दोष परत आला असेल, तेव्हा. नागदेवी स्ट्रीटला पंपाच्या सामानाची दुकानं आहेत. जुना कार्बोरेटर सोबत न्या आणि बोल्टच्या भोकांतलं अंतर, चोकच्या दांडीची बाजू, नळीचं तोंड समोरासमोर ठेवून जुळवा. गॅस्केट (जोडातला पातळ थर) नवीनच घ्या. जुनं लावलंत तर जोडातून हवा ओढली जाईल आणि नव्या कार्बोरेटरवरही हंटिंग होईल.

जुना पंप विकत घेताना

तुम्ही पोचण्याआधी इंजिन गरम करून ठेवलेलं नाही ना, ते बघा. थंड इंजिन तुमच्यासमोर चालू करायला सांगा, चोक उघडून पाच मिनिटं चालवा आणि ऑइलचा वास घ्या. "फक्त कार्बोरेटर साफ करायचाय" असं विकणारा म्हणाला, तर किंमत ठरवण्याआधी दोरी सावकाश ओढून बघा. मध्येच घट्ट अडकून मग सुटली पाहिजे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सैल येत असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलंय, आणि तो दुरुस्तीचा खर्च पंपाच्या किमतीच्या जवळ जातो.

इथे थांबा, मिस्त्रीला बोलवा

- दोरी अजिबात हलत नाही. सिलिंडरमध्ये पेट्रोल किंवा पाणी भरलेलं असू शकतं, जोर लावलात तर आतला रॉड वाकेल.
- दोरी सैल येते, किंवा इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज येतो.
- नवा प्लग लावूनही ठिणगी नाही.
- ऑइल बदलल्यावर पुन्हा पेट्रोलचा वास येतो.
- इंजिन पुराच्या पाण्यात बुडालं होतं. ते चालू करून बघू नका, तसंच न्या.
- टाकीला चीर आहे, किंवा टाकीच्या सांध्यातून पेट्रोल झिरपतंय.

आणि दोन गोष्टी मिस्त्रीच्याही आधीच्या. मीटर रूममध्ये पाणी शिरलं असेल तर पंप घेऊन आत पाऊल टाकू नका, आधी बेस्टला किंवा तुमच्या भागातल्या वीज कंपनीला कळवून वीज तोडून घ्या. दुसरं, पेट्रोलचा पंप तळघरात किंवा बंद पार्किंगमध्ये कधीही चालवू नका, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. पंप बाहेर उंच जागी ठेवा आणि सक्शनचा पाइप आत सोडा. पाइप पुरत नसेल तर लांब पाइप विकत आणा. उभ्या अंतराची मर्यादा लक्षात ठेवा, सात मीटरच्या पुढे हे पंप पाणी ओढत नाहीत.

पुढच्या जूनसाठी

कोजागिरीच्या सुमारास पाऊस मागे फिरला की मी कॉक बंद करतो आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. मग वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सोडून उरलेले थेंब काढतो, टाकी रिकामी करतो आणि सायलेन्सरच्या तोंडाला चिंधी बांधतो. अक्षय्य तृतीयेला चिंधी काढून, लिटरभर ताजं पेट्रोल टाकून पंप चालू करून बघतो. काही बिघडलं असेल तर पावसाला अजून महिनाभर असतो आणि दुकानं उघडी असतात. पंपाच्या दांड्याला मी एक पुठ्ठा सुतळीने बांधलाय. त्यावर पेट्रोल भरल्याची आणि वाटी रिकामी केल्याची तारीख लिहितो, कारण त्या रात्री मी घरी असेनच असं नाही, आणि दोरी ओढणाऱ्याला आत कधीचं पेट्रोल आहे ते कळायला हवं.